कंपवात कुणाला म्हणायचं?

२०२४ च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात दोन लेख आले. लिहिणारे गट वेगळे, पण मागणी एकच होती. पार्किन्सन्सची, म्हणजेच कंपवाताची, व्याख्या आता लक्षणांवरून करू नका, शरीरात नेमकं काय बिघडलंय त्यावरून करा. हात थरथरतो का, चाल मंदावली का, हे प्रश्न नंतरचे. मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीचं होऊन साचतंय का, हे आधी बघा. एका गटानं तर पार्किन्सन्स हे नावच बाजूला ठेवलं आणि ‘न्यूरॉनल अल्फा-सिन्युक्लिन डिसीज’ असं नवं नाव सुचवलं. त्यात शून्यापासून सहापर्यंत पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीवरच्या माणसाला कसलाही त्रास नसतो. दुसऱ्या गटानं जुनं नाव ठेवलं, पण ते तीन गोष्टींवर उभं केलं: प्रथिन सापडतं का, चेतापेशी झिजल्यात का, आणि जनुकांत दोष आहे का.

दोन्ही गटांनी बजावून लिहिलं आहे की ही चौकट संशोधनापुरती आहे, दवाखान्यासाठी नाही. ते प्रामाणिकपणेच लिहिलं असणार. पण अल्झायमर्सच्या बाबतीत २०१८ साली अशीच संशोधनापुरती जैविक व्याख्या आली होती. २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा ती निदानासाठीही पुढे करण्यात आली. पार्किन्सन्सचंही तसंच होईल असं धरून चाललं पाहिजे. म्हणून ही चर्चा लंडन-न्यूयॉर्कच्या सभागृहांत संपण्याआधी हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून तिच्याकडे बघायला हवं. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे, २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. शेती कापूस, सोयाबीन आणि हळदीची. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट हैदराबाद. इथल्या माणसाला ही नवी व्याख्या काय देते आणि त्याचं काय काढून घेते, हे तपासण्यासाठी हा आढावा.

पार्किन्सन्सची पहिली व्याख्या नुसत्या डोळ्यांनी झाली. लंडनजवळच्या हॉक्स्टनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ‘शेकिंग पाल्सी’वर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा रुग्ण आहेत. त्यांतले दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्यांनी फक्त दुरून पाहिलं होतं. कुठलीही तपासणी नाही, शवविच्छेदन नाही. वाकलेला देह, थरथरणारा हात, पळत सुटल्यासारखी चाल, एवढ्यावर त्यांनी एक आजार वेगळा काढला आणि तो दोनशे वर्षं टिकला. त्यात एक चूक होती. बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असं ते म्हणाले. वास न येणं, उदासी, स्मृती आणि विचारशक्ती मंदावणं हे सगळं या आजाराचाच भाग आहे, हे पटायला वैद्यकाला दीड शतकाहून जास्त वेळ लागला.

पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी व्याख्या पहिल्यांदा दुरुस्त केली. कंप नसलेले रुग्णही याच आजाराचे असू शकतात, असं त्यांनी दाखवलं. ताकद गेलेली नसते, गती गेलेली असते, हेही त्यांनी सांगितलं. आजाराला पार्किन्सन यांचं नाव त्यांनीच दिलं. ‘हात कापत नाही म्हणजे कंपवात नाही’ असं आजही मराठवाड्यात सर्रास बोललं जातं. ही समजूत एकोणिसाव्या शतकातच मोडीत निघाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोध मेंदूच्या आत गेला. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांना पेशींमध्ये गोळे दिसले, तेच आजचे लेवी बॉडी. १९१९ मध्ये त्रेतियाकॉफ यांनी मेंदूच्या मुळाशी असलेल्या ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागाची झीज दाखवली.

यानंतरच्या कहाणीत मुंबई येते, आणि ती मराठी वाचकांसमोर फारशी येत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगासमोर मांडला. आपल्या वैद्यांना ही मुळी आधीपासून ठाऊक होती. तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरात आलं. मग काही रुग्ण ताठरू लागले, मंदावले, हुबेहूब पार्किन्सन्ससारखे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन सशांना निपचित केलं आणि लेव्होडोपा (मेंदूत त्याचं डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनतं) देऊन पुन्हा हिंडतं-फिरतं केलं. ते साल १९५७. त्याच साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. कार्लसन यांना नोबेल मिळायला २००० साल उजाडलं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं सिद्ध केलं, आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन अंथरुणाला खिळलेली माणसं उभी केली.

ही कहाणी लांबवली, कारण इथे व्याख्येचा पाया बदलला. पार्किन्सन्स म्हणजे डोपामिनची कमतरता, आणि लेव्होडोपाने जो सुधारतो तो पार्किन्सन्स, असं समीकरण बसलं. आजही निदानाच्या निकषांत गोळीला मिळालेल्या चांगल्या प्रतिसादाला मोठं वजन आहे. हिंगोलीत तर तीच एकमेव परवडणारी चाचणी आहे. डॉक्टर सिंडोपा ही लेव्होडोपाची गोळी लिहून देतात, रिकाम्या पोटी घ्या म्हणतात आणि काही आठवड्यांनी बोलावतात. माणूस शर्टाची बटणं स्वतः लावून आला की निदान पक्कं. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्यातून वेगळा काढला होता. मुंबईत त्या बियांच्या चूर्णाच्या चाचण्याही झाल्या. म्हणून बाजारातलं चूर्ण मनाने खाणाऱ्या रुग्णाने ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. तो खरोखरचा डोस आहे, निरुपद्रवी पूड नव्हे.

मग ही व्याख्या अपुरी का पडू लागली? पहिला धक्का शवविच्छेदनाने दिला. १९९२ मध्ये लंडनच्या अँड्र्यू ह्यूज आणि सहकाऱ्यांनी, हयातीत पार्किन्सन्सचं निदान झालेल्या शंभर जणांचे मेंदू तपासले. खरा पार्किन्सन्स ७६ जणांतच निघाला. निदान करणारे डॉक्टर कुठल्या तालुक्याच्या दवाखान्यातले नव्हते, तरीही चौघांमागे जवळपास एक निदान चुकलं. पुढे निकष कडक झाले, अचूकता वाढली, पण आजार सुरू होऊन एक-दोन वर्षंच झालेली असतील तर तज्ज्ञही आजसुद्धा चुकतात.

दुसरा धक्का जनुकांनी दिला. १९९७ मध्ये इटलीतल्या एका कुटुंबात अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकातला दोष सापडला, आणि त्याच वर्षी लेवी बॉडी याच प्रथिनाच्या बनलेल्या असतात हे कळलं. प्रथिन, गोळा आणि आजार अशी सरळ साखळी जुळली असं वाटलं. पण १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी पार्किन जनुक शोधलं. त्यातल्या दोषाने तरुण वयात पार्किन्सन्स होतो, आणि अशा अनेकांच्या मेंदूत लेवी बॉडी सापडतच नाहीत. २००४ मध्ये आलेल्या एलआरआरके-२ जनुकाच्या रुग्णांचंही असंच: काहींमध्ये गोळे असतात, काहींमध्ये नसतात. बाहेरून आजार एक, आत वेगवेगळं बिघडलेलं. उलट उदाहरणही आहे. कुठलंही लक्षण नसताना वार्धक्याने गेलेल्या माणसांपैकी साधारण दहांत एकाच्या मेंदूत लेवी बॉडी आढळतात. आत आजार, बाहेर काहीच नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. २००३ मध्ये हाइको ब्राक यांनी असं मांडलं की प्रथिनाचा बिघाड मेंदूच्या खालच्या टोकाला आणि गंधाच्या भागात सुरू होतो आणि हळूहळू वर चढतो. म्हणूनच अनेकांचा वास आधी जातो. बद्धकोष्ठ वर्षानुवर्षं असतं. झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारी झोपलेल्याला मारणं सुरू होतं. हात थरथरेपर्यंत डोपामिनच्या निम्म्या पेशी गेलेल्या असतात, किंवा त्याहून अधिक. अल्फा-सिन्युक्लिनवर चालणारी दोन प्रतिपिंड-औषधं २०२२ मध्ये मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. तेव्हा संशोधकांनी दोन कारणं पुढे केली: उशीर झाला होता, आणि वेगवेगळे आजार एकाच नावाखाली चाचणीत घेतले गेले होते. जैविक व्याख्येची खरी निकड इथून आली. योग्य माणसाला योग्य वेळी औषध द्यायचं तर आधी तो माणूस ओळखता आला पाहिजे.

ओळखण्याचं साधनही हाती आलं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लिन अगदी थोडं असतं. त्यात चांगलं प्रथिन मिसळून ढवळत ठेवलं, तर बिघडलेले कण चांगल्यालाही आपल्या वळणावर नेतात, विरजणाने दूध लागावं तसं. लागलं की चाचणी होकारार्थी. २०२३ मध्ये ११२३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ही चाचणी होकारार्थी आली. वासही गेला असलेल्या नेहमीच्या रुग्णांत हे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर गेलं. एलआरआरके-२ च्या रुग्णांत मात्र ते सुमारे ६७ टक्क्यांवर थांबलं. त्वचेचा बारीक तुकडा काढून प्रथिन शोधण्याची पद्धतही २०२४ च्या अभ्यासात चांगली ठरली.

हे विज्ञान भक्कम आहे आणि त्याचं स्वागत केलं पाहिजे. माझा आक्षेप चाचणीला नाही. चाचणीलाच आजार म्हणण्याला आहे. एलआरआरके-२ चा जो तिसरा रुग्ण नकारार्थी येतो, तो आखडलेला आहे, पडतो आहे, लेव्होडोपाने सुधारतो आहे. एका चौकटीत तो बाहेर पडतो, दुसरीत जनुकाच्या दारातून आत येतो. मणक्यातलं पाणी होकारार्थी असलेली सत्तर वर्षांची बाई आणखी पंधरा वर्षं निंदणी करून शेवटी दुसऱ्याच कारणाने जाईल, पण कागदावर ती रोगी ठरेल. आणखी एक गोष्ट. या चौकटींमागची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांत पार्किन्सन्सशी जोडलेला एक जनुकीय फरक सापडला, तो युरोपीय लोकांत जवळपास नसतोच. आधी तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. आपल्याकडेही तसंच काही असेल, तर इथले रुग्ण मोजणीत आल्याशिवाय ते दिसणार नाही.

मोजणीचं बोलायचं तर महाराष्ट्राने या विषयात जगाला एक महत्त्वाचा आकडा दिला आहे. १९८८ मध्ये भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतली घरोघरची पाहणी प्रसिद्ध केली. १४,०१० माणसांत ४६ रुग्ण सापडले, लाखामागे ३२८. काश्मीरच्या अनंतनाग जिल्ह्यातल्या कुठार खोऱ्यात ६३,६४५ लोकांची पाहणी झाली, ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे लाखामागे १४ निघाले. फरक वीस पटींहून जास्त. पारशी समाजात वृद्ध जास्त, हे त्याचं मोठं कारण. पण डॉक्टरपर्यंत पोचण्याची सवय, आयुर्मान, आणि वाकून हळू चालणाऱ्या म्हाताऱ्याला घरचे आजारी म्हणतात की नाही, हे सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. म्हणून दुसरीकडचा दर घेऊन हिंगोलीच्या अकरा लाखांना गुणणं मला पटत नाही. शिवाय या दोन्ही पाहण्या माणसाला समोर बसवून, चालवून, हात हलवायला लावून झाल्या. उद्या व्याख्या मणक्यातल्या पाण्याची झाली तर अशी घरोघरची पाहणी कोण करू शकेल? पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती आमच्याकडे घराघरांत आहे. ती खरी नाही. पण निरोगी वाटणाऱ्या माणसाला नुसत्या मोजणीसाठी ती सुई टोचायला सांगण्याचा अधिकारही कुणाला नाही.

आता हिंगोलीकडे. इथे निदानाची सर्वांत मोठी चूक प्रथिनाशी जोडलेली नाही. ती औषधांच्या पिशवीत असते. ॲसिडिटी आणि गॅससाठी मिळणाऱ्या अनेक जोडगोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी दिलं जाणारं सिनारिझिन, डोकेदुखीचं फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची कितीतरी औषधं डोपामिनचं काम अडवतात. काही आठवडे किंवा महिने घेतली की माणूस ताठरतो, चेहरा भावहीन होतो, पावलं घासत चालतात, कधी हातही थरथरतो. रिसर्पिनने सशांचं जे झालं, त्याच जातीचा हा प्रकार. यातले बरेच रुग्ण गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत पूर्ववत होतात. पण गोळी कुणी बघितलीच नाही, तर कंपवाताचा शिक्का बसतो, सिंडोपा सुरू होते, डोस वाढत जातो आणि मूळची गॅसची गोळीही चालूच राहते. मेडिकलवरून वर्षानुवर्षं तीच पट्टी नेणारी वयस्क माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. हे रुग्ण वेगळे काढायला मणक्यातलं पाणी लागत नाही. घरातली सगळी औषधं टेबलावर ओतून नावं वाचावी लागतात. अशा काही रुग्णांत खरा पार्किन्सन्स आतून सुरू झालेला असतो आणि गोळीने तो लवकर उघडा पडतो. तिथे मात्र नवी चाचणी खरोखर उपयोगी ठरेल, आणि ती नांदेडपर्यंत तरी यावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. आजार असतो, पण त्याला ‘वय झालं’ म्हणतात. एका बाजूचा हात चालताना हलत नाही, तर तो संधिवात ठरतो. खांदा आखडला तर खांद्याचं दुखणं. बोलणं बारीक झालं, पाऊल अडखळलं, तर लकवा मारून गेला म्हणतात. बायकांच्या बाबतीत ‘अशक्तपणा’ हा शब्द सगळ्यावर पांघरूण घालतो. पाश्चात्त्य मोजपट्ट्या विचारतात: अक्षर बारीक झालं का? छंद जोपासता येतात का? गाडीतून उतरता येतं का? ज्या पिढीला आज पार्किन्सन्स होतो आहे, तिच्यातल्या कितीतरी बायांनी पेन हातात धरलेलं नाही. त्यांना विचारायला हवं ते वेगळं आहे. भाकरी थापताना हात मंदावतो का? पार्किन्सन्समधल्या मंदगतीची खूण म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना ती लहान आणि हळू होत जाणं. डॉक्टर बोटावर बोट आपटायला लावून हेच बघतात. ज्वारीची भाकरी थापणं ही त्याच जातीची हालचाल आहे आणि ती दिवसातून कितीतरी वेळा सुनेसमोर घडते. सुरुवातीला तळवा नीट पडतो, मग पडेनासा होतो, भाकरी एका बाजूला जाड राहते. ही गोष्ट घरातल्या बाईला डॉक्टरच्या आधी दिसते. जमिनीवरून उठताना कितीदा मागे पडायला होतं, खाटेवर कूस बदलता येते का, उंबऱ्याशी पाय खिळतो का, खुरपं धरलेला हात मध्येच थांबतो का, हे प्रश्न आपल्या प्रश्नावलीत असायला हवेत. वास-चाचणीचंही तेच. परदेशी चाचणीतले वास इथल्या माणसाने आयुष्यात घेतलेले नसतात. भारतीयांसाठी वेगळी वास-चाचणी तयार झाली आहे, ती वापरावी. वसमतच्या हळद बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला हळदीचा वास येत नसेल, तर त्याकडे गंभीरपणे बघायला हवं. वास जाण्याची कारणं इतरही बरीच असतात, हेही सोबत लक्षात ठेवून.

आशाताई घरोघरी भरतात त्या तपासणी-यादीत साठीपुढच्यांसाठी काही प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. तोल जाईपर्यंत पार्किन्सन्सला बहुधा काही वर्षं झालेली असतात. ‘हात-पाय एका बाजूने हळू झालेत का’ हा एक प्रश्न वाढवायला खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. प्रथिनावर उभी व्याख्या आजार कशाने झाला हे विचारत नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त अमली पदार्थातल्या एमपीटीपी नावाच्या रसायनाने तरुण माणसं अचानक पार्किन्सन्ससारखी आखडल्याचं विल्यम लँगस्टन यांनी दाखवलं. रसायन हे घडवू शकतं, याचा तो पुरावा होता. पॅराक्वॅट या तणनाशकाचा रेणू त्याच्याशी मिळताजुळता आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वॅट किंवा रोटेनोन वापरलेल्यांना पार्किन्सन्सचा धोका सुमारे अडीच पट दिसला. हा संबंध आहे, न्यायालयात टिकेल असं निर्णायक कारण नव्हे, आणि उत्पादक तो नाकारतात. तरीही फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांच्या संपर्कातल्या शेतकरी-शेतमजुरांचा पार्किन्सन्स व्यवसायजन्य आजार मानला. २०२४ मध्ये जर्मनीतल्या तज्ज्ञ समितीने तशीच शिफारस केली. युरोपीय संघाने पॅराक्वॅट २००७ मध्ये बंद केलं. भारतात ते विकलं जातं. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळमध्ये २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. ती तात्काळ विषबाधा होती, म्हणून दिसली. पाठीवर पंप घेऊन तीस वर्षं कापसात फिरलेल्या मजुराच्या मेंदूत काय झालं, हे कुणी विचारत नाही, कारण तो साठीला वाकला की वय झालं म्हणतात. रुग्णाच्या कागदावर ‘कोणती फवारणी, किती वर्षं, मास्क-हातमोजे होते का’ या एका ओळीला जागा असली पाहिजे. फ्रान्समध्ये ही ओळ नुकसानभरपाई मिळवून देते. आपल्याकडे निदान नोंद तरी होईल. व्याख्येतून कारण गळालं, तर ही नोंद करण्याचं निमित्तही जाईल.

कायद्याकडे बघितलं तर चित्र वेगळं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि पार्किन्सन्स त्यात नावानिशी आहे. तिथे त्याची व्याख्याही दिली आहे: कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि मंद, अचूकता गमावलेली हालचाल असलेला, मेंदूतल्या डोपामिनच्या कमतरतेशी जोडलेला, वाढत जाणारा आजार. शार्को आणि कार्लसन यांच्या ज्ञानावरची ही व्याख्या आहे. प्रथिन त्यात कुठेच नाही. जुनी असली तरी तिचा एक मोठा गुण आहे: ती माणसाला काय करता येत नाही त्याकडे बघते. चाळीस टक्क्यांहून कमी नसलेलं दिव्यांगत्व प्रमाणित झालं की सवलती मिळतात. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या रुग्णाला हा हक्क आहे हे त्याच्या डॉक्टरलाही अनेकदा माहीत नसतं, हे मी आवर्जून लिहितो. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. पुढे कधी या अनुसूचीत जैविक निकष घालायची मागणी झाली, तर नकारार्थी चाचणीच्या पण आखडलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

नव्या व्याख्येने ‘रोगी’ ठरणाऱ्या पण त्रास नसलेल्या माणसाचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, एखाद्या घरात वडिलांना लवकर पार्किन्सन्स झाला आणि चाळिशीतला मुलगा विचारतो, माझी चाचणी करू का? आज बिघाड थांबवणारं एकही औषध सिद्ध झालेलं नाही. होकार आला तर हातात काय पडेल? धास्ती, विमा काढताना अडचण, मुलींच्या लग्नात कुजबुज. जिथे औषधाची चाचणी चालू आहे आणि माणूस समजून-उमजून तिच्यात सामील होतो आहे, तिथे ही तपासणी रास्त. एरवी त्या मुलाला मी तपासणी करू नकोस असंच सांगेन. व्यायाम, झोप आणि फवारणी करताना अंग झाकणं, हे चाचणीशिवायही करता येतं.

पार्किन्सन्ससोबत जगणाऱ्यांनी व्याख्येची वाट बघितलेली नाही. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ, दोन्हींनी रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे यांना एकत्र बसवलं. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. खिळलेला पाय तालावर सुटतो, हे जगभर दिसून आलं आहे. नरसी नामदेवचा जिल्हा आमचा, टाळ-मृदंग इथे गावोगाव आहे. हरिपाठाला उभं राहिलेल्या रुग्णाचं पाऊल ठेक्यावर पडतं का, हे बघायला कुठली परवानगी लागत नाही. गटात भेटलं की आणखी एक गोष्ट कळते: दोन रुग्णांचा पार्किन्सन्स एकसारखा नसतो. एकाचा हात वीस वर्षं थरथरतो पण तो बाजार करून येतो, दुसरा कंप नसतानाही पाच वर्षांत पडू लागतो. आजार एक नसावा, असं संशोधक आज म्हणताहेत. ते सांभाळणाऱ्या बायकांनी आधीच पाहिलेलं आहे.

माझं मत असं की निदानाचं दार लक्षणांचंच राहावं. प्रथिन आणि जनुक त्या दाराच्या आतल्या खोल्या ठरवोत: कुणाला कोणतं औषध, कुणाला कोणत्या चाचणीत घ्यायचं. आणि त्या खोल्यांत मराठवाड्यातली माणसंही असावीत, नुसते रक्ताचे नमुने नव्हेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. तिथे आठवड्यातून एक दिवस हालचालींच्या विकारांची ओपीडी चालू करायला मोठं यंत्र लागत नाही. रुग्णाने घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची. डॉक्टरांनी ती वाचायची, लेव्होसल्पिराइडसारखी असतील ती आपल्या देखरेखीखाली बंद करायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. मग भाकरीचा, कूस बदलण्याचा, वासाचा आणि फवारणीचा प्रश्न. त्यानंतर सिंडोपा, जेवणाआधी. आणि दर वर्षी नोंदवही उघडून बघायचं की आपलं पहिलं निदान किती जणांत बदललं.